मंडळी जिथे, उपासना तिथे

शहागड (ता. अंबड, जि. जालना) : धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग शहागडजवळ गोदावरी ओलांडतो. नदीच्या अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. वरच्या अंगाला नाथांचे पैठण आणि जायकवाडीचे धरण. दिवाळी सरली की या रस्त्याने दक्षिणेकडे ऊसतोड कामगारांचे तांडे निघतात. ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्यावर भांडीकुंडी, बाजेची लाकडे, कोंबड्यांची खुराडी आणि वर पोरेबाळे, असा सारा संसार लादलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ही माणसे परमुलखातील फडावर राहतात आणि उन्हाळा तापू लागला म्हणजे गावी परततात. या हंगामाच्या ऐन मध्यावर नाताळ येतो.

मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजासंबंधी आज काही विचार करावयाचा झाल्यास तो या रस्त्यापासून सुरू करणे योग्य होईल. ज्या गावच्या मंडळीत ऊसतोड करणारी कुटुंबे आहेत, त्या गावी पंचवीस डिसेंबरला मंदिरात दिवे लागतात, तारा टांगला जातो, घंटा वाजते. परंतु बाकांवर वृद्ध माणसे आणि आजीआजोबांच्या हवाली केलेली मुलेच प्रामुख्याने बसलेली असतात. मंडळीचा राबता हात त्या वेळी कोयत्यावर असतो.

‘मंडळी’ हा मराठी ख्रिस्ती जनांचा फार अर्थपूर्ण शब्द आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बोलावून जमविलेली सभा’ असा होतो. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘मंडळी’ हा घरगुती शब्द योजला आणि इमारतीला ‘मंदिर’ किंवा ‘देऊळ’ म्हटले. म्हणजे माणसे निराळी आणि वास्तू निराळी हा विवेक आपल्या भाषेने पहिल्यापासूनच पाळला. व्यवहारात मात्र तो पुष्कळदा सुटतो. बदल आणि वाढ यांची भाषा आज सर्वच चर्चमधून ऐकू येते. तो बदल वास्तूचा की माणसांचा, आणि ती वाढ आकड्यांची की जबाबदारीची, हा खरा प्रश्न आहे.

बदलातून जन्मलेली परंपरा

‘आमच्या वाडवडिलांच्या वेळेपासून असेच चालत आले आहे’ हा युक्तिवाद प्रत्येक धर्मसमाजात ऐकावयास मिळतो. ख्रिस्ती मंडळ्याही त्याला अपवाद नाहीत. परंतु जालना परिसरातील मंडळीच्या वाडवडिलांचा इतिहास पाहू गेल्यास तो सगळा बदलाचाच इतिहास आहे असे दिसते.

या भागात स्कॉटिश मिशनचे काम उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे कुळाने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की न घ्यावे, यावरून मुंबई-पुण्याच्या हिंदू समाजात मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू घेतली आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. एका घरातील दोन भावांच्या निमित्ताने दोन्ही समाजांपुढे एकच प्रश्न उभा राहिला होता : आलेल्या माणसासाठी आपण आपला उंबरठा किती बदलण्यास तयार आहोत?

पुढे १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्यास आले. हैदराबाद संस्थानचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत ‘देवाचे घर’. त्यांच्या मंडळीत आली ती मुख्यतः मांग समाजाची माणसे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या माणसाने मांगवाड्यातील माणसांसोबत एका पंगतीस बसावे, ही त्या काळी केवढी उलथापालथ होती याची कल्पना आज करणे कठीण आहे. त्याच सुमारास औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रेव्हरंड रतनजी नवरोजी काम करीत होते. ते मूळचे पारशी. मराठवाड्यातील दोन प्रमुख ठिकाणी मिशनचे काम या देशात जन्मलेल्या माणसांच्या हाती होते, ही गोष्ट आज ख्रिस्ती आणि ख्रिस्तीतर दोघेही विसरले आहेत.

या मंडळीची नावेही स्थिर राहिली नाहीत. शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये फूट पडून फ्री चर्च निर्माण झाले. १९०० साली तेथे एक एकीकरण झाले, १९२९ साली दुसरे. इकडे हिंदुस्थानात १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंघ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. त्यात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे लोक होते, तसेच अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन आणि डिसायपल्सही होते. कोणी शिशूंना बाप्तिस्मा देणारे, कोणी केवळ प्रौढांना देणारे. कोणी बिशप मानणारे, कोणी न मानणारे. तरीही ही माणसे एका छत्राखाली आली. ज्या मंडळीच्या पणजोबा, आजोबा आणि वडील या तीन पिढ्यांनी इतके पालट पचविले, तिने ‘बदल आपल्या परंपरेत बसत नाही’ असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

मिशनची छाया

तथापि या इतिहासाला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बदल पुष्कळ झाले, पण त्यांतील बहुसंख्य वरून आले. शाळा मिशनने काढली, दवाखाना मिशनने बांधला, पाळकाचा पगार मिशनने दिला, आणि विहिरीची दुरुस्तीसुद्धा मिशनकडेच पाहून राहिली. दुष्काळात आणि रोगराईत याच व्यवस्थेने हजारो माणसांचे प्राण वाचविले, याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु घेण्याची सवय लागली म्हणजे ठरविण्याची सवय सुटते. परदेशी मिशनरी परत गेल्यानंतर ‘साहेब’ गेला, पण साहेबाची खुर्ची तशीच राहिली. तिच्यावर कोण बसणार, यासाठी पुढे आपसांत चुरस लागली. मिशनच्या जमिनी आणि इमारती यांविषयीचे वाद महाराष्ट्रातील अनेक ठिकाणी न्यायालयांपर्यंत गेले, ते याच मनोवृत्तीचे फळ होय.

हा धोका फार पूर्वी ओळखणारा एक द्रष्टा महाराष्ट्रात होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन यांना स्थान हवे, ख्रिस्ती माणसाला मराठी संतांच्या भाषेतच आपला देव सापडला पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. मराठी मंडळीची उपासना आज पेटीच्या सुरांबरोबर झांज-मृदंगावरही रंगते, याचे मोठे श्रेय त्यांचे. पण टिळकांचे त्याहूनही धाडसी पाऊल म्हणजे १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी तेथे भाऊबंदांप्रमाणे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. म्हणून तो प्रयोग वाया गेला असे म्हणता येत नाही. मंडळीने स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या भाषेत उभे राहावे, हा त्यांचा आग्रह शंभर वर्षांनंतरही अपुरा राहिलेला कार्यक्रम आहे.

कॅथॉलिक समाजातही हेच मंथन वेगळ्या मार्गाने झाले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सा लोकांच्या मातृभाषेत करण्यास वाट मोकळी करून दिली. १९७७ साली औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठवाड्याच्या भूमीवर एका ख्रिस्ती धर्मगुरूने मराठी सारस्वताच्या व्यासपीठावरून बोलावे, हा मराठी ख्रिस्ती परंपरेचा सन्मानच होता. भाषेचा प्रश्न अशा रीतीने बराच सुटला आहे. प्रश्न उरला आहे तो अधिकाराचा.

बाकावरची आणि समितीतली

मंडळीत गर्दी कोणाची असते, असे विचारल्यास उत्तर सर्वत्र एकच मिळते : स्त्रियांची. प्रार्थनासभा त्या चालवितात, आजाऱ्याच्या घरी त्या जातात, शब्बाथ शाळेत मुलांना त्या शिकवितात. पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर एकटीच्या बळावर पुरे केले. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या पश्चात अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ तडीस नेले. अशा स्त्रियांचा वारसा सांगणाऱ्या समाजात निर्णय घेणाऱ्या समितीत मात्र स्त्रिया किती, हे मोजण्यास पुष्कळदा एका हाताची बोटे पुरतात.

बाहेरच्या जगात आणि देशातही वारे बदलले आहे. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली पुष्पललिता यांना नंद्यालच्या बिशप नेमले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात २०२४ साली व्हायोलेट नायक या ओडिशातील फुलबनी धर्मप्रांताच्या बिशप झाल्या. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलेल्या धर्मसभेत स्त्रियांना आणि सामान्य प्रापंचिकांना प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला. ‘सर्वांनी मिळून चालावे’ हे त्या सभेचे सूत्र होते. रोममध्ये जे मान्य झाले ते अंबड तालुक्यातील पाच-पन्नास घरांच्या मंडळीत अमान्य का व्हावे, याचे उत्तर शास्त्रात शोधण्यापेक्षा आपल्या घरातील रीतींत शोधावे लागेल.

फडावरचा नाताळ

आता पुन्हा शहागडच्या रस्त्याकडे वळू. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणतीच हत्याराने होते. कोपीत राहायचे, पहाटेच्या काळोखात फडात उतरायचे, मोळ्या बांधून वाहायच्या आणि रात्री ट्रक आला तर रात्रीच भरायचा, हा त्यांचा दिनक्रम. आठवड्याचा सातवा दिवस त्यांना नाही. अशा माणसाने रविवारी उपासनेस यावे, महिन्याची वर्गणी भरावी आणि मगच त्याचे नाव मंडळीच्या मतदार यादीत राहावे, असा नियम असेल तर तो नियम कोणासाठी केला आहे? हजेरी आणि वर्गणी यांच्या अटी शिस्तीसाठी असतात, हे खरे. पण वर्षातील पाच-सहा महिने पोटासाठी गाव सोडणाऱ्यांना त्या अटी आपोआप परके करून टाकतात. पुणे, चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर गेलेल्या तरुणांचीही हीच गत आहे. गावच्या यादीत ते गैरहजर, शहरातील मंडळीत ते पाहुणे.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. हंगामाच्या आरंभी प्रत्येक मंडळीने आपल्या स्थलांतरित कुटुंबांची नोंद ठेवावी : कोणत्या कारखान्याच्या हद्दीत गेली, सोबत मुले किती, दिवस गेलेली किंवा आजारी बाई आहे काय. सभासदत्वाचे पत्र देऊन दुसऱ्या मंडळीच्या हवाली करण्याची पद्धत चर्चमध्ये जुनीच आहे. तिचा उपयोग या कुटुंबांसाठी करावा. अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूर या साखरपट्ट्यातील मंडळ्यांनी आपल्या शिवारातील कोप्यांवर जाऊन चौकशी करावी. तेथे जाताना धर्म विचारण्याचे कारण नाही. औषध, पाटी-पुस्तक आणि मुकादमाच्या हिशेबात मदत ही सर्वांनाच हवी असते. गावच्या मंडळीची वार्षिक सभा व निवडणूक उन्हाळ्यात, माणसे परतल्यावर घ्यावी. आणि नाताळची एक उपासना मंदिराऐवजी फडावर, कामाच्या पाळीनंतर, कंदिलाच्या उजेडात का होऊ नये? तेथे तारा टांगावा लागणार नाही; उघड्या रानात तारे आहेतच.

यात काही नवीन सांगितले जात आहे असेही नाही. लूककृत शुभवर्तमानातील कथा प्रत्येकास ठाऊक आहे. सरकारी नोंदणीसाठी घर सोडून निघालेले एक गरीब जोडपे, दिवस भरलेली बाई, उतारशाळेत नसलेली जागा आणि गव्हाणीत निजविलेले मूल. त्याला पाहण्यास प्रथम आले ते रात्री रानात राखण करणारे मेंढपाळ. त्यांनाही त्या रात्री सुट्टी नव्हती. ज्या सणाची मूळ कथाच परमुलखातील बाळंतपणाची आहे, तो सण केवळ घरी राहू शकणाऱ्यांचा होऊन बसावा, यासारखी विसंगती दुसरी नाही.

वाढ कशी मोजावी?

वाढीसंबंधी बोलताना एक नाजूक विषय टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एकाहून किंचित कमी होती. चर्चची ‘वाढ’ हा शब्द उच्चारताच समाजाच्या एका भागात धर्मांतराची शंका उभी राहते आणि चर्चमध्येही काहीजण वाढ म्हणजे बाप्तिस्म्यांचे आकडे असेच समजतात. दोन्ही दृष्टी एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत.

शिवाय मराठवाड्यात हे आकडे तरी कितपत बोलके आहेत? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांना तो लागू झाला. ख्रिस्ती व मुस्लिम झालेले दलित बाहेर राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या तरतुदीचा परिणाम असा की, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कागदावर एक आणि उपासनेत दुसरे, अशी दुहेरी ओळख अनेक गरीब कुटुंबांना बाळगावी लागते. त्यांना दांभिक म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याला दोन्ही दारांवर आपले अर्धेच नाव सांगावे लागते, त्याची व्यथा समजून घेणे हे मंडळीचे काम आहे. बाहेरच्या कायद्याविषयी दाद मागताना चर्चने आपल्या घरातील जातही तपासली पाहिजे. सोयरीक जुळविताना आणि दफनभूमीत जागा देताना पूर्वाश्रमीची जात आठवत असेल, तर शेषाद्री यांनी मांगवाड्यात ठेवलेले पाऊल आपण मागे घेतले असेच म्हणावे लागेल.

म्हणून वाढीची मापे बदलावी लागतील. मंडळीचा जमाखर्च वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचला जातो काय? समितीत स्त्रिया व तरुण आहेत काय? फडावर गेलेल्या कुटुंबातील मूल शाळेत टिकले काय? शेजारच्या ख्रिस्तीतर घरावर संकट आले तेव्हा मंडळीतील कोणी धावून गेले काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येऊ लागली, तर ती मंडळी वीस घरांची असली तरी वाढते आहे. उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर मंदिराला नवा मनोरा बांधूनही ती आक्रसतेच आहे.

बदलाची भीती निराधार असते असे नाही. जुन्या गीतांशी, जुन्या बाकांशी, भिंतीवरच्या संगमरवरी पाटीशी आयुष्य जडलेली वृद्ध माणसे प्रत्येक मंडळीत आहेत. दुष्काळात आणि कॉलऱ्यात मंदिराचे दार उघडे ठेवले ते त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी. त्यांना बाजूस सारून होणारा बदल टिकणार नाही. पण त्यांनीच सांगावे, हे दार त्यांनी कोणासाठी उघडे ठेवले होते? आज त्यांची मुले आणि सुना पुलापलीकडे, कोणाच्या तरी शिवारात ऊस तोडीत आहेत. नाताळच्या दिवशी मंदिराची घंटा त्यांना ऐकू जाणार नाही. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी घंटा मोठी करून उपयोग नाही. कोणीतरी उठून तेथवर चालत गेले पाहिजे.